पॉप-अप पुस्तकं आणि वाचनाची सुरुवात, नऊ महिन्यांनंतर

लेक अडीच वर्षांची असताना पॉप-अप पुस्तकं, म्हणजे पान उघडलं की कागदी चित्र उभं राहतं ती, आणली, आता ती सव्वातीन वर्षांची आहे, म्हणजे नऊ महिने जवळपास रोज झोपायच्या आधी हेच चालू आहे.

पहिले दोन महिने खरं सांगते, वाचन शून्य. पान उलटलं की बेडूक टुणकन उभा राहायचा आणि हिचा हात थेट त्याच्या जिभेवर, मी काय वाचतेय तिकडे लक्षच नाही. मग वाचनात आलं की सिंथिया चिआँग आणि ज्यूडी डीलोच यांचा 2012 चा अभ्यास आहे, त्यात अडीच-तीन वर्षांची मुलं ओढायच्या-उघडायच्या पुस्तकापेक्षा साध्या चित्रांच्या पुस्तकातून अक्षरं जास्त शिकली. वाईट वाटलं, पण घरात तेच तर दिसत होतं!

पुस्तकं बंद नाही केली, पद्धत बदलली. पान अर्धवटच उघडायचं, आधी ओळ वाचायची, शब्दाखालून बोट फिरवायचं, मग "दारामागे कोण असेल गं?" विचारून गप्प बसायचं, तिने काहीतरी सांगितलं की मगच फ्लॅप, म्हणजे चित्रावरची कागदी झडप, उघडायचा. ते गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे, आपण मोठी माणसं घाई करतो. महिनाभरात एका रात्री तिनेच पान तळहाताने दाबून धरलं, "आई थांब, आधी वाच." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आत, मागे, खाली, ओढ, ढकल, फिरव हे शब्द तर हाताने करता करता पक्के झाले. अक्षरांसाठी मात्र पॉप-अपनंतर लगेच एक साधं पुस्तक घेते. बेडकाचा ब तिने तिथे बदकात शोधला, तोही स्वतःहून. अक्षराला शेपूट-डोळे लावून उभं केलेलं असतं ना, ते तिला ओळखता येत नाही, अशी पुस्तकं मला अजिबात आवडली नाहीत.

बेडकाची जीभ दोनदा फाटली. घडीवर सेलोटेप लावली तर ती जाड होऊन पान नीट मिटेना, मग पातळ कागदाची पट्टी गमने चिकटवली, ती टिकलीय. अगदी लहान बाळाच्या हातात मात्र एकट्याने देऊ नका, तुकडे तोंडात जातात.

आता पुढचं घेताना एवढंच बघणारे की फ्लॅपखाली नुसतं चित्र नको, ठळक अक्षरात एक शब्दही हवा.