एलटीस्पाइस: इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एक सेमिस्टर वापरल्यानंतर

दुसऱ्या वर्षाच्या लॅबसाठी एलटीस्पाइस वापरून एक सेमिस्टर झालं. सर्किट जोडण्याआधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं (सिम्युलेशनचं) अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. दिसायला जुनाट, पण पोरं आठवड्यात सरावतात.

सीई (कॉमन एमिटर) अ‍ॅम्प्लिफायरला ते पुरेपूर वसूल होतं. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, सप्लाय १२ व्होल्ट, बायसला ३३ के आणि ६.८ के, कलेक्टरला २.२ के, एमिटरला ५६० ओहम. कलेक्टरवर साधारण ७ व्होल्ट यायला हवेत हे आधीच पाहिलेलं असलं, की ब्रेडबोर्डवर १२ दिसताच ट्रान्झिस्टर कट-ऑफमध्ये, म्हणजे बंद आहे हे कळतं. एमिटरचा १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर काढला की गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) दोनशेच्या घरातून चारवर येतो.

पहिले काही दिवस ‘एम’ छळतो. एक मेगाओहमसाठी नुसता एम लिहिला तर स्पाइस तो मिली धरतं. ‘मेग’ लिहावं लागतं. फेज शिफ्ट ऑसिलेटर तर बऱ्याचदा सुरूच होत नाही, कारण सिम्युलेशनमध्ये त्याला ढकलायला नॉइज नसतो. सप्लाय शून्यापासून चढवायचा ‘स्टार्टअप’ पर्याय लावा.

खरी गडबड ग्राउंडची. ब्रिज रेक्टिफायरमध्ये (चार डायोडांनी एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटमध्ये) माउसने ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी आणि लोड दोन्ही वेव्हफॉर्म बिनधास्त बघता येतात. बेंचवर तेच करायला जाऊन ऑसिलोस्कोपची एक ग्राउंड क्लिप सेकंडरीच्या टोकाला, दुसरी लोडच्या निगेटिव्हला लागते. स्कोपच्या दोन्ही क्लिपा आतून एकच असल्याने एक डायोड शॉर्ट होतो आणि एका हाफ सायकलला दुसरा डायोड थेट सेकंडरीवर येतो. तो जळतोच. यावर उपाय सिम्युलेशनमध्येच आहे: जिथे जिथे क्लिप लावणार, तिथे ग्राउंडचं चिन्ह टाकायला लावा. सोर्सला १७ व्होल्ट पीक, सिरीजमध्ये १ ओहम; साध्या डायोड मॉडेलमध्ये सोळा-एक अँपिअरची टोकं दिसतात. नंतर बेंचवर दोन्ही क्लिपा लोडच्या निगेटिव्हला, प्रोब सेकंडरीच्या दोन टोकांना, आणि मॅथमध्ये वजाबाकी.

काही गोष्टी मात्र यात येतच नाहीत. काही ब्रेडबोर्डांची सप्लायची पट्टी मध्येच तुटलेली असते, प्रोब १० एक्सवर आणि स्कोप १ एक्सवर राहतो, मग व्होल्टेज दहावा हिस्साच दिसतं. फंक्शन जनरेटर ५० ओहम लोड गृहीत धरून आकडा दाखवत असेल, तर स्कोपवर दुप्पट व्होल्टेज दिसतं. यासाठी बेंचवरच अर्धा तास वेगळा काढावा लागतो.

जर्नलमध्ये सगळ्यांचे ग्राफ हुबेहूब सारखे येऊ लागले, तेव्हा रोल नंबरप्रमाणे कलेक्टरचा रेझिस्टर बदलून दिला. १.२ ते ३.३ के ठेवा, ४.७ के दिला तर ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे पूर्ण चालू राहतो आणि अ‍ॅम्प्लिफाय करत नाही. तोही एखाद्याला मुद्दाम द्यावा, ओरलला विचारायला बरा पडतो.