रायझन ७ ७७०० आणि बी६५० बोर्ड: होळीपासून दिवाळीपर्यंतचा वापर

होळीच्या सुमारास मशीन बांधलं: एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड असलेला कॉम्प्युटर. त्यावरून बडोद्याचा मे महिना गेला, पावसाळ्यातले लाइटचे झटके गेले, दिवाळीआधी सगळ्या क्लायंटांना एकदमच येणारी जाग गेली. आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलेले अनुभव मी वाचत नाही. नवं मशीन सगळ्यांचंच पळतं.

आधी काम सांगते, कारण त्याशिवाय प्रोसेसरबद्दल बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा. मी घरूनच आर्किटेक्टांची ड्रॉइंगं करते. दिवसाचा मोठा भाग ऑटोकॅड, अधूनमधून स्केचअप, आणि आठवड्यातून काही रात्री व्ही-रेमध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र. गेम कुणीच खेळत नाही. ऑटोकॅड आजही बरंचसं काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकाच भागावर, रेटतं. त्यामुळे चोवीस कोअरवाला प्रोसेसर घेतला म्हणून टाउनशिपचा साइट प्लॅन पटकन उघडेल असं नाही. तिथे एका कोअरचा वेग लागतो. रेंडरचा हिशेब उलटा. तिथे जेवढे कोअर द्याल तेवढे ते खातं. या दोघांत माझं पारडं स्पष्टपणे ऑटोकॅडकडे झुकतं, म्हणून आठ कोअर, सोळा थ्रेड (एका वेळी सोळा कामं) पुरे असं ठरवलं. तुमचं काम दिवसरात्र रेंडरचंच असेल तर पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा. त्याच पैशांच्या आसपास इंटेलच्या कोअर अल्ट्रा मालिकेत कोअर जास्त मिळतात आणि तुमच्यासाठी कदाचित तेच बरं.

जुनं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीचं आय-७ होतं, ४७९०. २०१४ सालचा प्रोसेसर, आणि खरं सांगायचं तर साध्या प्लॅनसाठी अजूनही चालत होता. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर होतं, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. कंपनीने नाही म्हटलेल्या मशीनवर जुगाड करून ११ चढवता येतं. पण लोकांची ड्रॉइंगं ज्यावर आहेत त्यावर तसले प्रयोग मी करत नाही. जुन्याची डीडीआर३ रॅम नव्या कुठल्याच बोर्डाला लागत नाही. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवीन.

इंटेलची चौदावी पिढी मी विचारात घेतली होती. पण तिचं एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तिथेच संपलं. २०२१ च्या शेवटी बाराव्या पिढीसोबत आलं, तेरावी-चौदावी त्यावरच निघाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून इंटेल नव्या सॉकेटवर गेलं. शिवाय तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचा व्होल्टेजचा गोंधळ (जास्त व्होल्टेजने ते अस्थिर व्हायचे) ताजा होता. त्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, हे मान्य. तरी मन घेईना. एएमडीचं एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि किमान २०२७ पर्यंत त्याला सपोर्ट देऊ असं कंपनीने सांगितलंय. आधीच्या एएम४ चा इतिहास बघता यावर विश्वास ठेवायला जागा आहे: २०१७ सालच्या कितीतरी बोर्डांवर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) बदलून २०२२ सालचे प्रोसेसर चालले.

मग ७७००च का, ७७००एक्स का नाही? दोघांचा कमाल वेग ५.३ आणि ५.४ गिगाहर्ट्झ. एवढ्याशा फरकासाठी एक्सवाला सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत ओढतो, तर साधा ७७०० हा ८८ वर थांबतो. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. पुढच्या पिढीचा ९७००एक्स नवा होता, पण माझ्या कामात तो दरातला फरक वसूल करेल असं वाटलं नाही.

प्रोसेसरचं इतकंच. तो बसवल्यापासून त्याची आठवण काढायची वेळ आलेली नाही, आणि हीच त्याची तारीफ. बोर्डाशी मात्र रोज गाठ पडते.

सयाजीगंजात दुकानदाराने यादी बघितली आणि बोर्डाच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘बेन, बोर्ड तो बधां सरखां ज छे. प्रोसेसर मां पैसा नाखो.’ म्हणजे, बोर्ड सगळे सारखेच, पैसे प्रोसेसरमध्ये घाला. त्याच्या हाताशी होता एक ए६२० चा, म्हणजे बी६५० च्या खालच्या दर्जाचा, सर्वांत स्वस्त बोर्ड. चालला असता का? हो, ८८ वॉटचा प्रोसेसर त्यावर खुशाल चालला असता. पण त्याच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टीही नव्हती. तीन-चार वर्षांनी याच सॉकेटवर बारा किंवा सोळा कोअरचा प्रोसेसर टाकायचा असेल तर अशा उघड्या व्हीआरएमच्या बोर्डावर तो दबकतच चालणार. मग एएम५ चं दीर्घायुष्य घेऊन काय करायचं? मी बी६५० चा मायक्रो एटीएक्स (मध्यम आकाराचा) बोर्ड घेतला, दोन्ही बाजूंना जाड हीटसिंक असलेला. कंपनीचं नाव विचारू नका; सगळ्याच कंपन्या एकाच नावाखाली चांगले बोर्डही काढतात आणि टाकाऊही. मॉडेल बघा, मागच्या पोर्टांचा फोटो बघा, मॅन्युअलची पीडीएफ उतरवून वाचा.

मॅन्युअलमध्ये काय वाचायचं? कुठला एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) वापरला की कुठलं साटा पोर्ट (केबलने डिस्क जोडायचं) बंद होतं, ते. पंख्यांचे हेडर, म्हणजे त्यांची वायर जोडायच्या जागा, किती आणि कुठे. मागे यूएसबी किती. माझ्याकडे कीबोर्ड, माऊस, प्लॉटर, स्कॅनर, एका जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) आणि बॅकअपची डिस्क असं कायम लटकलेलं असतं. चार पोर्टांच्या बोर्डावर हब लावावा लागला असता आणि हबवर डोंगलची नाटकं मी पूर्वी पुष्कळ बघितली आहेत. आणखी एक: प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येईल असं फ्लॅशबॅकचं बटण मागे आहे का? दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचा बायोस जुना असतो आणि नव्या पिढीचा प्रोसेसर त्यावर उठतच नाही. तेव्हा हे बटण कामी येतं.

जोडणी भाच्याने केली, मी टॉर्च धरला. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, १७१८. वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढायचं नाही. प्रोसेसर ठेवून लोखंडी दांडी खाली दाबत नेली की ते टुक्कन आपोआप उडतं. दांडीला बरंच बळ लागतं, काहीतरी मोडतंय असंच वाटतं. ते झाकण टाकू नका, डब्यात ठेवा. वॉरंटीला बोर्ड पाठवताना सॉकेटवर तेच लागतं, आणि वाकलेल्या पिनेची वॉरंटी सहसा कुणी देत नाही. या प्रोसेसरच्या पत्र्याला कडेने खाचा आहेत, त्यांत छोटे कपॅसिटर दिसतात. पेस्ट भरपूर लावली की ती त्या खाचांत जाऊन बसते. मधोमध वाटाण्याएवढी लावली, पुरली.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळा. पंखे फिरताहेत, बोर्डाच्या कडेला रॅमचा पिवळा दिवा लागून राहिलाय आणि बाकी काही नाही. अशा वेळी बहुतेक जण घाबरून बटण दाबतात आणि रॅम काढून पुन्हा बसवतात. दाबू नका. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःचं टायमिंग जुळवून घेते, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि रॅम मोठी असली तर त्यात काही मिनिटं सहज जातात. चहा ठेवा. नंतर बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं की रोज ही वाट बघावी लागत नाही.

तिथेच एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या डब्यावरच्या वेगाने चालवायचं सेटिंग, चालू करायचं. ते विसरलेले लोक ६००० ची रॅम विकत घेऊन वर्षभर ४८०० वर चालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो. बायोस अपडेट केला की या सगळ्या सेटिंगा पुसल्या जातात. पावसाळ्यात अपडेट केल्यावर स्केचअप किंचित जड वाटलं म्हणून टास्क मॅनेजर उघडला, तर रॅम ४८०० वर. म्हणून आता बायोसच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवते.

रॅमच्या बाबतीत दुकानदाराला चारही स्लॉट भरायचे होते, १६-१६ जीबीच्या चार. ते दिसतं छान. पण या प्रोसेसरचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांवर ५२०० आणि चार पट्ट्यांवर ३६०० आहे. वर गेला तर नशीब. मी ३२ च्या दोन घेतल्या, आणि आज रॅमचे भाव जिथे गेलेत ते बघता आत्ता या यादीत रॅमच सर्वांत महाग पडेल. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचलायला घेतलाय, त्याचा भुर्दंड आपल्याला. अगदी अडलं नसेल तर थोडं थांबा किंवा १६ च्या दोनवर भागवा, असंच मी आज सांगेन.

आता उन्हाळा. मेमध्ये बाहेर ४२, माझ्या खोलीत एसी नाही, पंखा आणि कूलर. प्रोसेसरसोबत डब्यात आलेला पंखा न वापरता वेगळा टॉवर कूलर लावला होता. दुपारी रेंडर लावल्यावर तापमान ८० च्या आसपास जाऊन थांबायचं. या प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं. आवाज मात्र जाणवायचा. एक दिवस बायोसमधून ४५ वॉटचा इको मोड (कमी विजेवर चालवायचं सेटिंग) चालू करून बघितला. ऑटोकॅडमध्ये काही म्हणजे काही फरक नाही. रेंडर थोडं लांबलं, पंखा गप्प झाला. तेव्हापासून एप्रिल ते जून इको, बाकी वर्ष पूर्ण, असा नेम ठरलाय.

बोर्डाबद्दल तक्रार नाही असं नाही. दुसरा एम.२ स्लॉट बरोबर ग्राफिक्स कार्डाच्या खाली आहे. तिथली एसएसडी बदलायची तर आधी कार्ड काढा, आणि कार्डाची खिट्टी त्याच्याच जाडजूड पंख्याखाली लपलेली, तिथे बोट पोचत नाही. मी सहा इंची लाकडी पट्टी तिरकी घालून ती दाबते. महागड्या बोर्डांवर यासाठी कडेला बटण असतं. ते फॅड वाटायचं, आता वाटत नाही. पंख्याचे हेडर तीनच, तेही दोन एकाच कोपऱ्यात. २.५ गिगाबिटचं लॅन आहे पण घरचा राउटर एक गिगाबिटचा, त्यामुळे ते नुसतं डब्यावर छापायला.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. गणपतीच्या दिवसांत माझं ग्राफिक्स कार्ड बिघडलं, दुरुस्तीला गेलं ते बरेच दिवस आलंच नाही. केबल काढून बोर्डाच्या एचडीएमआयला लावली आणि काम सुरू. ७७०० मधलं ग्राफिक्स अगदी साधं आहे, पण टूडी प्लॅनला तेवढं बास होतं. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना ते धापा टाकायचं, तरी एकही तारीख चुकली नाही. एफ घेतला असता तर तेवढे दिवस काळ्या पडद्याची आरती करत बसले असते.

ज्यांना फक्त टॅली, ब्राउझर आणि मुलांचे ऑनलाइन क्लास एवढंच बघायचंय त्यांनी यातलं काहीही करू नये. माझ्या जावेने कारेलीबागेत ट्यूशनसाठी मशीन करून घेतलं. तिच्याकडे चांगली डीडीआर४ रॅम पडून होती. तिला बाराव्या पिढीचा आय५-१२४०० आणि डीडीआर४ चालणारा एलजीए १७०० बोर्ड घ्यायला लावला. सॉकेट संपलेलं आहे, पण तिला त्यावर पुढे काही चढवायचंच नाही. बोर्ड निवडताना मात्र मागच्या बाजूचा फोटो आधी बघितला. यूएसबी सहा आहेत, आणि तिचा जुना प्रिंटर हबशिवाय चालतोय.