वायूतली अत्यल्प किरणोत्सारिता : आयनीभवन कक्ष, प्रपोर्शनल काउंटर की लुकास सेल?

उपकरण निवडताना माहितीपत्रकातला संवेदनशीलतेचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. कोणता किरण मोजायचा आहे आणि त्याच्यासोबत नको असलेलं काय मोजलं जाणार आहे, हे आधी ठरवा. माझ्या मते निम्मी निवड तिथेच होते.

आयनीभवन कक्ष सगळ्यात सोपा. वायू आतून वाहू द्यायचा आणि विद्युतप्रवाह वाचायचा. ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) गळती लगेच कळायला हवी असेल तर हाच घ्या. अत्यल्प पातळीसाठी मात्र जरा हिशेब मांडून बघा. ट्रिटियमच्या बीटा कणाची सरासरी ऊर्जा ५.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हवेत एका आयनजोडीला (आयन आणि सुटा इलेक्ट्रॉन) साधारण ३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे एका विघटनातून जेमतेम १७० जोड्या. रेडॉन-२२२ चा अल्फा कण ५.४९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तो कक्षातच थांबला तर जोड्या १ लाख ६० हजारांच्या घरात जातात. कक्षाला दिसतो फक्त एकूण विद्युतभार, त्यामुळे रेडॉनचं एक विघटन ट्रिटियमच्या जवळजवळ हजार विघटनांना झाकून टाकतं. आणि हवेत रेडॉन असतोच.

प्रपोर्शनल काउंटर प्रत्येक विघटन सुटं मोजतो आणि स्पंदाच्या (विघटनामागे उमटणाऱ्या विद्युत झटक्याच्या) उंचीवरून अल्फा वेगळे काढता येतात. नमुना मोजणीच्या वायूतच मिसळून आत भरला, की ट्रिटियमच्या दुबळ्या बीटाला काउंटरची खिडकी ओलांडावी लागत नाही. क्रिप्टॉन-८५ किंवा आर्गॉन-३७ साठी मी डोळे झाकून हाच सुचवेन. कष्ट मात्र आहेत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन गिळतो, म्हणून नमुना आधी शुद्ध करावा लागतो. वैश्विक किरणांची मोजणी वगळायला भोवती गार्ड काउंटर (बाहेरून आलेला कण ओळखणारे जादा काउंटर) लागतात. बाहेरचे किरण अडवणाऱ्या कवचाचं शिसं जुनं असलेलं बरं, कारण नव्या शिशातल्या किरणोत्सारी शिसे-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं आहे.

फक्त रेडॉन मोजायचा असेल तर एवढा खटाटोप नको, लुकास सेल पुरते. आतल्या भिंतीवर झिंक सल्फाइडचा लेप असतो. अल्फा आदळला की प्रकाश चमकतो. भरल्यावर ३ तास थांबा, म्हणजे रेडॉनच्या अपत्यांशी (त्याच्या विघटनातून बनणाऱ्या किरणोत्सारी अणूंशी) समतोल साधतो आणि दर विघटनामागे ३ अल्फा मिळतात. वापरून जुनी झालेली सेल घेऊ नका. रेडॉनपासून बनून भिंतीवर साचलेलं पोलोनियम-२१० रिकाम्या सेलमध्येही चमकत राहतं.

कोणताही काउंटर घ्या, वेळ हाताशी ठेवा. मिनिटाला एकच स्पंद येत असेल तर १ टक्का अचूकतेसाठी १०,००० स्पंद हवेत. म्हणजे जवळजवळ ७ दिवस, आणि बॅकग्राउंड (नमुन्याशिवायही येणारे स्पंद) वजा करायचं असेल तर त्याहूनही जास्त.