झील की डेव्हडॉक्स? शेडमध्ये रेंज नसते तेव्हा

आमच्याकडं नवीन लागलेला पोरगा परवा विचारत होता, "दादा, डॉक्युमेंटेशनला तुम्ही काय वापरता? झील टाकू, का डेव्हडॉक्स बरं?" चहा संपेपर्यंत सांगता आलं तेवढं सांगितलं, राहिलेलं इथं लिहितोय. प्रोग्रॅमिंगच्या भाषांची माहितीपानं (डॉक्युमेंटेशन) एका जागी शोधून वाचायची ही दोन साधनं. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, त्यामुळं पैशाचा प्रश्नच नाही. मॅक असेल तर सरळ डॅश घ्या, तेही असलंच साधन. त्याचे पैसे पडतात, पण पानांच्या मजकुरातही शोधता येतं, आणि ती सोय या दोघांत नाही. माझा लॅपटॉप विंडोजचा, त्यामुळं माझ्यापुरता तो विषय तिथंच मिटला.

आधी माझं काम सांगतो, कारण निवड त्याच्यावरच ठरली. निम्मा आठवडा कोल्हापुरात राजारामपुरीत ऑफिसात असतो, निम्मा शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत. भट्टीचं तापमान, वजनकाट्याचे आकडे असलं काहीबाही पायथनमध्ये गोळा करायचं आणि मालकाला संध्याकाळी एका पानावर दाखवायचं. पत्र्याच्या शेडमध्ये फोनला रेंज नसते आणि कारखान्याच्या वाय-फायचा पासवर्ड ज्याला माहीत असतो तो माणूस नेमका सुट्टीवर असतो.

ऑफिसात बसून काम करणाऱ्याला मी डेव्हडॉक्सच सुचवेन. फुकट कोडिंग शिकवणारे फ्रीकोडकॅम्पवाले ते सांभाळतात, ब्राउझरमध्ये चालतं, काही टाकावं लागत नाही. शोध तर असा, की 'बीजीसीपी' एवढी चार अक्षरं मारली तरी सीएसएसमधलं 'बॅकग्राउंड-क्लिप' समोर येतं. भाषेच्या नावाची पहिली अक्षरं मारून टॅब दाबला की शोध तेवढ्याच भाषेपुरता होतो. बोटांना ही सवय लागली की गुगलवर जाऊन कुठल्या तरी जुन्या आवृत्तीच्या पानावर आपटणं बंद होतं.

आवृत्त्यांच्या बाबतीत तर ते उजवंच आहे. एका फाउंड्रीतला पीसी अजून विंडोज ७ वर आहे. त्यावर पायथन ३.८ च्या पुढं जाता येत नाही, कारण ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढून टाकलाय. डेव्हडॉक्समध्ये ३.८ ची पानं वेगळी निवडता येतात. झीलमध्ये यादीतून पायथन ३ उतरवलं तर माझ्याकडं ताजं आलं, त्यात बघून मी 'रिमूव्हप्रिफिक्स' वापरलं, आणि प्रोग्रॅम त्या पीसीवर पहिल्याच ओळीला आडवा. ते फंक्शन ३.९ मध्ये आलंय. पानावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, वाचलं नाही ती चूक माझी. पण डेव्हडॉक्सवर ३.८ उघडलं असतं तर ते फंक्शन दिसलंच नसतं.

एवढं सगळं असून मी झीलवर का आलो?

डेव्हडॉक्स ऑफलाइन चालतं हे खरं. पण भाषा नुसती यादीत चालू करून भागत नाही, ऑफलाइनच्या पानावर जाऊन ती वेगळी उतरवावी लागते. तेही मी केलं होतं. उतरवलेलं सगळं मात्र ब्राउझरच्या पोटात राहतं. एका रात्री लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून मी ब्राउझरचा साठा साफ केला, कुकीज आणि सगळं. सकाळी शिरोलीत भट्टीजवळ उभा. पीएलसीकडून (मशीन चालवणारा छोटा संगणक) तापमान दोन रजिस्टरांत तुकडे होऊन येतं, ते जोडून आकडा करायचा असतो. १४०० च्या आसपास दिसायला हवं तिथं स्क्रीनवर भलताच आकडा. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये बाइटच्या क्रमासाठी < लावायचं की >, हे मी इतक्या वर्षांनीही दरवेळी बघतो. डेव्हडॉक्सचा टॅब उघडला, पान येईना. शेजारी सुपरवायझर उभा. "काय वो, मशीन बंद पडलं काय तुमचं?"

दोनच चिन्हं होती, आलटून पालटून लावली आणि आकडा जुळला. पण डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच: साठा गेलाय हे कळतं कधी, तर नेट नसताना. ऑफिसात सगळं छान उघडतं, कारण तिथं ते गुपचूप नेटवरून येत असतं. आणि दरवेळी हात आपलाच असतो असंही नाही, डिस्क फारच भरली तर ब्राउझर स्वतःहूनही असला साठा काढून टाकू शकतो. डेव्हडॉक्सचा यात दोष आहे असं मला म्हणायचं नाही, ब्राउझरचा स्वभावच तो.

झीलमध्ये प्रत्येक भाषेचा एक फोल्डर असतो. आत साधी एचटीएमएल पानं आणि नावांची सूची ठेवलेली एक एसक्यूलाइट फाइल. डॅशचीच ही मांडणी, त्याचेच डॉकसेट (म्हणजे हे फोल्डर) झील वापरतं. फोल्डर डिस्कवर डोळ्यांनी दिसतो, म्हणजे आहे. पोर्टेबल झील पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या लॅपटॉपवरही चालवलंय. फक्त बारक्या फाइली हजारोंनी असतात, कॉपी करताना चहा-मिसळ दोन्ही उरकतं. 'पायथन,जँगो:' असं आधी लिहून दोन्हींत एकदम शोधता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

नावाचीही गंमत वाटते. पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात, पुढचा थांबला की 'जी जी रं जी' उचलतात. हेही तसंच मागं उभं असतं, शॉर्टकट दाबला की पुढं येतं. दिसायला मात्र जुनाट आहे, आणि अपडेट म्हणजे तो डॉकसेट पुन्हा पहिल्यापासून उतरवणं.

दोघांचं एक दुखणं सारखं आहे. शोध नावांतच होतो, मजकुरात नाही. 'तारखांमधला फरक कसा काढू' असं विचारून दोन्हीकडं काही मिळत नाही, फंक्शनचं नाव निदान अर्धवट तरी आठवावं लागतं.

म्हणजे तुमचं काम वाय-फायच्या खुर्चीवरचं असेल तर माझ्या नादी लागू नका, डेव्हडॉक्स पुरेल आणि आवृत्त्यांची कटकट वाचेल. मीही ३.८ साठी तेच उघडतो. बाहेर फिरावं लागत असेल तर मात्र झील टाकून ठेवा असं मला वाटतं. आणि डेव्हडॉक्सवरच राहणार असाल, तर पंचगंगेचा पूल ओलांडायच्या आधी एकदा वाय-फाय बंद करून एखादं पान उघडून बघा.