मिंट 21.3 वरून 22: अपग्रेड टूल भरवशाचं, पण प्रिंटर सांभाळा

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले सेकंडहँड डेल-एचपी डेस्कटॉप मुंबईतल्या अनेक छोट्या ऑफिसांत लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तम चालतात. अशा मशीनवर 21.3 वरून 22 ही नवी आवृत्ती आणायला ‘मिंटअपग्रेड’ हे मिंटचं स्वतःचं टूल बिनधास्त वापरावं, कारण काही खटकलं की ते अडून बसतं आणि दुरुस्त केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

21 किंवा 21.1 वर असाल तर आधी अपडेट मॅनेजरमधून 21.3 वर या आणि राहिलेले सगळे अपडेट घ्या. मग टर्मिनलमधून ॲप्ट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने टूल टाकायचं आणि सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावून चालवायचं. अपडेट मॅनेजर मागे चालू राहिला तर डीपीकेजी लॉकचा एरर येतो, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी यंत्रणा दुसऱ्या कामात अडकलेली असते. लॉकची फाइल उडवू नका, चालू असलेलं काम पुरं होऊ द्या.

टूल टाइमशिफ्ट या बॅकअप प्रोग्रॅमचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची प्रत, मागतं आणि इथे बरेच जण अडकतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पेन ड्राइव्हवर आरसिंक पद्धतीचा (फाइल कॉपी करून घेतलेला) स्नॅपशॉट बसत नाही, ईएक्सटी4 सारखं लिनक्सचंच फॉरमॅट लागतं. शिवाय टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर वगळतो, त्यामुळे बिलं, टॅलीच्या बॅकअप फाइल, फोटो यांची कॉपी वेगळी काढायलाच हवी.

खरी कसोटी पॅकेजच्या, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, यादीत आहे. पीपीएमधून (बाहेरच्या सॉफ्टवेअर भांडारातून) आलेली नवी आवृत्ती टूल मिंटच्या आवृत्तीवर खाली आणायला सांगतं, तिथे त्याचं ऐकावं. पण मिंटच्या भांडारात नसलेली पॅकेजं ते ‘ऑर्फन’ म्हणून काढायला निघतं. कॅननचा एलबीपी 2900 प्रिंटर आजही पुष्कळ टेबलांवर आहे आणि त्याचा ड्रायव्हर कॅननच्या डेब फाइलमधूनच (वेगळ्या डाउनलोड केलेल्या इन्स्टॉलरमधूनच) टाकलेला असतो. यादीत तो ‘सीएनडीआरव्हीकप्स-कॅप्ट’ अशा नावाने दिसतो. हे प्रिंटरचं आहे हे नवख्याला कसं कळावं? नावापुढे एक ओळ माहिती द्यायला हवी होती, ही या टूलची मोठी उणीव आहे. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ते नाव ‘ठेवायच्या’ यादीत घालता येतं.

फर्मी पिढीचं जुनं एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड असेल तर अपग्रेडआधीच ड्रायव्हर मॅनेजरमधून नूव्हो या लिनक्सच्या मोफत ड्रायव्हरवर या. या कार्डांच्या 390 ड्रायव्हरचा पाठिंबा कंपनीने 2022 अखेर थांबवला आणि मिंट 22 चा कर्नल (सिस्टिमचा गाभा) 6.8 हा त्यानंतरचा आहे, त्यामुळे दोघांचं जमत नाही. स्क्रीन काळी पडल्यावर निस्तरणं जास्त कटकटीचं.

‘हॅश सम मिसमॅच’ असा एरर आला तर बहुतेक वेळा मिरर, म्हणजे जिथून पॅकेजं उतरतात तो सर्व्हर, मागे पडलेला असतो. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये दुसरा निवडा, कॅशे ताजी करा, मग टूल पुन्हा चालवा.

पॅकेजं बसत असताना लाइट गेली तर मशीन पुन्हा चालू करून सुरुवातीच्या बूट मेनूतून रिकव्हरी (दुरुस्ती) मोडमध्ये जा आणि डीपीकेजीचा पर्याय घ्या. अर्धवट राहिलेली पॅकेजं त्याने बहुतेक वेळा जागेवर येतात. नाहीच आलं तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (मिंट थेट त्यावरूनच चालतं असा) बूट करून तिथला टाइमशिफ्ट उघडा आणि स्नॅपशॉट परत बसवा. पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये.

घाई नाही. 21 मालिकेला एप्रिल 2027 पर्यंत अपडेट आहेत, 22 ला 2029 पर्यंत. बिलिंगचं एकच मशीन असेल तर मार्चएंड सोडून शनिवार-रविवार बघा. झाल्यावर टूल काढून टाका, रीबूट करा आणि एक टेस्ट पान छापून, मराठी कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून पाहा.