पिर्लो की दे रॉसी : मिडफिल्ड शिकणाऱ्याने आधी कोणाचे सामने बघावेत?

आमच्याकडे खेळायला येणारी मुलं आणि त्यांचे पालक हा प्रश्न हटकून विचारतात. आंद्रेआ पिर्लो आणि दानिएले दे रॉसी हे इटलीचे फुटबॉलपटू, दोघेही मिडफिल्डमधले, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीतले, आणि दोघेही २००६ चे विश्वविजेते. इटलीकडून पिर्लो ११६ सामने खेळला, दे रॉसी ११७. तिथे डावं-उजवं करायला जागाच नाही.

बघायला पिर्लोसारखं सुख नाही. २००६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, जर्मनीविरुद्ध डॉर्टमुंडला, ११९ वं मिनिट चालू असताना पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी चेंडू त्याच्याकडे येतो. दुसरा कोणीही तिथून घाईने फटका मारला असता. तो चेंडू घेऊन आडवा सरकतो, जर्मन बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात आणि मग मान न वळवता तो उजवीकडे सहकारी ग्रोसोला पास देतो. गोल! हा पास मी मुलांना थांबवून थांबवून दाखवतो.

तरीही पिर्लोपासून सुरुवात करावी, असं मला वाटत नाही. कारण एकच, पण ते मैदानावर फार जाचतं. पिर्लो बघून आलेला मुलगा मधोमध उभा राहून चेंडू मागतो. चेंडू गेला की तो तिथेच थांबतो आणि परत मिळवायला दुसरं कोणीतरी धावतं. पिर्लोसाठी ते धावायला बाजूला माणसं होती: मिलान क्लबात गातुसो होता, युव्हेंटसमध्ये व्हिदाल आणि मार्किझिओ होते. ही माणसं हायलाइट्समध्ये दिसत नाहीत. २००१ मध्ये ब्रेशा क्लबात प्रशिक्षक मात्सोनेंनी त्याला मागे, बचावफळीच्या पुढ्यात खेचलं, पुढे प्रशिक्षक आन्चेलोत्तींनी मिलानमध्ये त्याच्याभोवती संघ बांधला, तेव्हा कुठे तो पिर्लो झाला. आणि मार्च २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडच्या पार्क जी-सुंगने त्याची पाठ सोडली नाही, तर मिलानची रसदच तुटली. ४-० ने हरले. गल्लीतल्या संघात तर धावणारे दोघे मिळणंही मुश्कील.

दे रॉसीचं तसं नाही. त्याच्याकडे बघून मुलाला काम कळतं: आपला फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की कुठे सरकायचं, हेडरवरून सुटलेला चेंडू कुठे पडेल, सेंटर-बॅकला (मधल्या बचावपटूला) कधी हाक मारायची. २०१२ च्या युरोत स्पेनविरुद्ध त्याला थेट तिघांच्या बचावफळीत उभं केलं, आणि त्या स्पेनला इटलीने १-१ वर रोखलं. पास देता येत नव्हता असंही नाही. १० एप्रिल २०१८, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत त्याचा क्लब रोमा विरुद्ध बार्सिलोना, दोन सामन्यांची लढत: पहिल्या सामन्यात ४-१ ने मार खाल्लेला, त्यात त्याचा स्वयंगोल. परतीच्या सामन्यात सहाव्याच मिनिटाला तो मागून उंच पास टाकतो, बचावाच्या मधोमध, आणि झेको गोल करतो. पुढे पेनल्टीही त्यानेच मारली. रोमा ३-० ने जिंकला आणि दोन्ही सामने मिळून ४-४ अशी बरोबरी असताना बार्सिलोनाच्या मैदानावर केलेल्या गोलच्या जोरावर पुढे गेला.

त्याचा राग मात्र मुलांपासून लांब ठेवावा. २००६ मध्येच अमेरिकेच्या मॅकब्राइडला त्याने कोपर मारलं आणि चार सामन्यांची बंदी ओढवून घेतली. अंतिम सामन्यात परत येऊन पेनल्टी मारली, हे खरं, पण ते कोपर माफ होत नाही. विजेतेपदांत तर तुलनाच नाही. पिर्लोकडे दोन चॅम्पियन्स लीग आणि सहा लीग विजेतेपदं. दे रॉसीने २००१ ते २०१९ रोमात काढली, तिथे एकही लीग विजेतेपद नाही.

तुमच्या संघात दोन दमदार धावणारे असतील आणि मुलाची नजर मुळातच लांबचं बघणारी असेल, तर पिर्लो आधी दाखवा, माझी हरकत नाही. बाकीच्यांनी बार्सिलोनाविरुद्धचा तो परतीचा सामना पूर्ण ९० मिनिटं बघावा, आणि दुसऱ्यांदा बघताना चेंडू सोडून फक्त दे रॉसीवर नजर ठेवावी.