वेदना-उपचार केंद्र, गंगापूर रोड : आईच्या दुखण्याला नाव मिळाले

आईच्या दुखण्याला साडेतीन वर्षे झाली होती. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत जन्म घालवलेली ही बाई खांदे, कंबर, मांड्या ठणकतात म्हणून रात्र-रात्र जागत असे, आणि एमआरआय व रक्ततपासणीत काही निघाले नाही की ‘वयामुळे होते’ एवढे ऐकून आम्ही परतत असू. गंगापूर रोडवरील या केंद्रात डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पाऊण तास दिला आणि कागदावर लिहिले : दीर्घकालीन प्राथमिक वेदना, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार).

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना दीर्घकालीन मानतात, हे त्यांनी आधी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अशा वेदनेचे सात गट आहेत. कर्करोग, शस्त्रक्रिया किंवा इजा, मज्जासंस्थेची हानी, सांधे-स्नायूंचे विकार, आतल्या अवयवांचे विकार, डोके व चेहऱ्याचे विकार अशा मूळ कारणांवरून सहा गट पडतात. उरलेल्या प्राथमिक गटात मात्र वेदना हे दुसऱ्या रोगाचे लक्षण नसून तोच आजार समजला जातो. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना वेदना हा नेहमी व्यक्तिगत अनुभव असतो आणि रुग्णाच्या सांगण्याचा आदर राखावा, असे नमूद केले आहे, हे ऐकताना आईने पदराने डोळे पुसले.

दुखण्याची तीव्रता, त्यामुळे मनाला होणारा त्रास आणि रोजच्या कामातील अडथळा यांना शून्य ते दहापैकी वेगवेगळे अंक द्यायचे होते. आईने तीव्रतेला सहा आणि अडथळ्याला नऊ दिले. हा फरक पाहून डॉक्टरांनी गोळ्या वाढवण्याऐवजी झोप, चालणे आणि हळूहळू वाढवायचा व्यायाम यांवर भर दिला, जो माझ्या मते या केंद्राचा सर्वांत मोठा गुण आहे. चार महिन्यांनी तीव्रता पाचच आहे. अडथळा चारवर आला आहे आणि आई पुन्हा स्वतः कणीक मळते.

तक्रारी दोन. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट अनेकदा बंद असते, जे कंबरदुखीच्या रुग्णांसाठी अक्षम्य आहे; आणि अंक भरायचा फॉर्म फक्त इंग्रजीत आहे, तो मराठीत हवाच. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी. सकाळची वेळ घेतल्यास फार थांबावे लागत नाही.